छत्तीस गुण जुळले तेव्हा

फार जुनी गोष्ट आहे. म्हणजे कॉम्प्युटरच्या हिशोबाने जुनी, चार वर्षांपूर्वीची. एका डब्यात प्रोसेसरराव राहायचे. जरा काम पडलं की तापायचे. त्यांच्या डोक्यावर उष्णता बाहेर टाकणारा ॲल्युमिनियमचा हीटसिंक बसलेला असायचा आणि दोघांच्या मधे पेस्टकाकू. काकू खालची उष्णता वर पोचवायच्या, पण आता त्या वाळून कडक झाल्या होत्या.

"काकूंना निरोप द्या. मला ती पातळ धातूबाई पाहिजे. बघा, कसं गार वाटेल," राव म्हणाले.

स्थळ आलं. चकचकीत, पाऱ्यासारखं वाहणारं. रावांशी पत्रिका जुळवली, तर छत्तीसपैकी छत्तीस गुण!

वर बसलेल्या पंख्याला मात्र चौकशा फार. "पण बाई हीटसिंकलाही चिकटून राहणार. त्याच्याशी कुणी पत्रिका जुळवली का?"

"तापतो मी, तो नाही," राव खेकसले. "तू गपगुमान फिर."

पहिले आठ दिवस डब्याचं महाबळेश्वर झालं. मग हीटसिंक हळूच म्हणाला, "पंखोबा, मला आतून भुसभुशीत वाटतंय."

"अरे, बाई तुला खात तर नाही ना?"

"छे! नुसती मुरतेय."

मुरता मुरता एका दुपारी हीटसिंक बिस्किटासारखा तुटून पडला. राव असे तापले, की डबा आपोआप बंद झाला. पंखाही थांबला.

थोड्या वेळाने त्या शांततेत रावांनी सुस्कारा सोडला. "बघा! म्हटलं नव्हतं, गार वाटेल?"