वजीर पडल्यानंतरचा डाव

एका पेठेत एकदा एक तरुण कापडवाला होता आणि त्याला बुद्धिबळाचा फार नाद होता. दुपारी गिऱ्हाईक थंडावले की दुकानांच्या ओट्यांवर पट मांडले जात. पेठेचा एक रिवाज होता: ज्याचा वजीर पडला त्याने हार मानायची, दोघांचेही पडले तर बरोबरी धरून सोंगट्या डब्यात भरायच्या. गिऱ्हाईक पुन्हा सुरू होण्याआधी डाव उरकायचा, तर दुसरे करणार काय? या खेळात त्या तरुणाला तोड नव्हती.

पण गावच्या यात्रेतल्या सामन्यात हा रिवाज चालत नसे. तिथे राजावर मात होईपर्यंत खेळावे लागे, आणि तिथे बाहेरगावचे खेळाडू त्याला दरवर्षी हरवून जात. हरला की तो डाव उघडण्याच्या नव्या पद्धती पाठ करायचा आणि पुढच्या वर्षी पुन्हा हरायचा. आम्हा दुकानदारांचे असेच असते. जो माल आपल्याला नीट विकता येतो, तोच दुकानात वाढत जातो.

शेवटी तो एका वृद्ध खेळाडूकडे गेला. सगळे त्यांना आबा म्हणत.

“आबा, माझी प्रगती खुंटली आहे. एखादी जबरदस्त सुरुवात शिकवा. यंदाही हरलो तर हा नाद कायमचा सोडणार.”

“मांड,” आबा म्हणाले.

डाव जरा कुठे रंगात येत होता, तोच आबांनी वजिराला वजीर देऊन दोन्ही पटाबाहेर काढले. तरुण सवयीने ‘बरोबरी’ म्हणाला आणि सोंगट्या गोळा करू लागला.

“असू दे तिथंच. राजे अजून बसलेत की,” आबा म्हणाले आणि एकेक प्यादे पुढे काढत त्यांनी त्याला हरवले. दुसऱ्या दिवशी तेच. पुढेही रोज तेच.

एके दिवशी तरुण वैतागला. “आबा, राग मानू नका. मी सुरुवात शिकायला येतो आणि तुम्ही आधी वजीर काढून टाकता. मग पटावर उरतं काय?”

“ज्यानं मी तुला रोज हरवतो, ते उरतं.”

तरुणाला हसू आले. “टोमणा पोचला. पण हे कशासाठी?”

“तुझी सुरुवात माझ्यापेक्षा चांगली आहे, हे मला पहिल्याच दिवशी कळलं. ती आणखी घासून काय मिळणार? तुमच्या ओट्यावर वजीर पडला की डबा उघडतो. धंदेवाल्यांचं ते बरोबरच आहे. पण त्यामुळं तू इतके डाव खेळलास आणि एकाचाही शेवट पाहिला नाहीस. यात्रेत वजीर पडले की तुला वाटतं, संपलं. आणि समोरच्याचा खरा खेळ तिथून सुरू होतो. जे येतं ते करत राहण्यात मान असतो रे. जे येत नाही तिथं पेठेतला पहिला खेळाडूसुद्धा शिकाऊ असतो, म्हणून माणूस तिकडं फिरकत नाही आणि अडून बसतो. तुला मी रोज तिथं नेऊन बसवतो, एवढंच.”

“म्हणजे आणखी हरायचं?”

“हरायचं. पण घरातल्या घरात.”

त्या वर्षी यात्रेतल्या सामन्यात वजीर लवकरच पडले. पेठेतली मंडळी कपडे झटकत उठू लागली. तरुणाने मात्र मांडी नीट घातली. मंडपातली सावली या टोकाची त्या टोकाला गेली तरी डाव चालूच होता. अखेर समोरच्या खेळाडूनेच बरोबरीसाठी हात पुढे केला.

तरुण तिथून थेट आबांकडे आला. निकाल न सांगताच त्याने पटावर दोन राजे आणि तीन प्यादी मांडली.

“आबा, इथं मी राजा आधी पुढं आणला असता तर डाव माझा होता, असं वाटतं. खेळून बघू या?”

आबांनीही निकाल विचारला नाही. ते समोर सरकून बसले आणि म्हणाले, “चाल तुझी.”