उलटी तिकिटं

इटलीतल्या मिलान शहरात एक शिष्य राहत होता, आणि एकदा त्याच्याकडे त्याचे गुरू महिनाभर मुक्कामाला आले. गुरू म्हटल्यावर जटा, कमंडलू असलं काही डोळ्यांसमोर आणू नका. हे येवल्याच्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले मास्तर. अंगात पांढरा सदरा, वरून शिष्याने घेऊन दिलेलं जाडजूड जाकीट आणि पायांत गावाहून आणलेल्या चपला, त्याही मोज्यांवर. शिष्य चांगला मोठ्या कारखान्यात अभियंता होता. परंतु मास्तर खोलीत आले की अजून उठून उभा राहायचा.

मिलानमधल्या मराठी मंडळींत या शिष्याची एका गोष्टीसाठी ख्याती होती. गावाकडचं कुणी आलं आणि त्याच्या हाताशी एकच मोकळा दिवस असला, की 'सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येईल असं कुठं जावं?' हा प्रश्न याच्याकडे यायचा. तो आधी गुडघ्यांची चौकशी करी, मग पथ्यपाण्याची, मग आभाळाची, आणि निकाल देई. गुडघे धड असतील तर टेकडीवरचं बेर्गामो; चढ झेपत नसेल तर सरोवराकाठचं एखादं गाव; खिशात दम आणि अंगात उत्साह असेल तर वेरोना. आजवर कुणाची तक्रार आली नव्हती. याचा त्याला अभिमान होता, आणि तो असायला माझी काही हरकत नाही.

त्याच महिन्यात पद्माकर आणि उल्हास हे दोघे सख्खे भाऊ विणकामाच्या यंत्रांचं प्रदर्शन बघायला मिलानला आले. येवल्यात त्यांचं पैठणीचं जुनं दुकान. दोघेही मास्तरांच्या हातचा मार खाऊन मोठे झालेले, तेव्हा एका संध्याकाळी शिष्याच्या घरी जेवणाचं आमंत्रण गेलं. प्रदर्शन संपलं होतं. मध्ये एक दिवस मोकळा, आणि त्यानंतर परतीचं विमान. गावी पोचल्यावर पहिलं काम काय, तेही ठरलेलं होतं. वाटणी.

वडील लवकर गेले, थोरल्या पद्माकरने दुकान सावरलं आणि वाढवलं. त्याचं म्हणणं, धाकट्याचं चित्त धंद्यात नाही. उल्हासला लहानपणापासून व्हायोलिनचं वेड. त्याचं म्हणणं, या घरात धाग्यापलीकडे कुणाला काही दिसतच नाही. माझा हिस्सा द्या, मी मोकळा होतो. हे भांडण काही दिवस कडाक्याचं चाललं आणि मग एकाएकी थांबलं. दोघांनी एकमेकांशी बोलणंच टाकलं होतं. घरच्यांना वाटलं, चला, मिटलं एकदाचं. किती भोळी असतात घरची माणसं!

जेवताना पद्माकर म्हणाला, "मास्तर, वरण जरा इकडे सरकवायला सांगा."

वरण उल्हासच्या कोपराशी होतं. उल्हासने ते उचललं आणि शिष्यापुढे ठेवलं. शिष्याने ते पद्माकरला दिलं. लोणच्याचंही तसंच झालं. शिष्याचा जीव अगदी कानकोंडा झाला, म्हणून त्याने आपला हातखंडा विषय काढला. उद्या कुठं जायचं?

"मी कोमोला जाणार," पद्माकर म्हणाला. "तिथं रेशमाचं संग्रहालय आहे. जुनी यंत्रं जपून ठेवलीयेत म्हणे."

"फिरायच्या दिवशीसुद्धा धंदाच," उल्हास भाताकडे बघत बोलला. "मास्तर, मला क्रेमोनाला जायचंय. पिढ्यान्‌पिढ्या व्हायोलिनं घडवणारं गाव आहे ते. एवढं सातासमुद्रापार आलोय, ते न बघता परत गेलो तर जन्मभर चुटपुट लागेल."

"सुतारकाम बघायला इटलीपर्यंत यायची काय गरज? येवल्यात सुतार मेलेत का?" हेही पद्माकरने मास्तरांनाच विचारलं.

शिष्य पेचात पडला. एक गाव उत्तरेला, एक दक्षिणेला. एका दिवसात दोन्ही होणं अशक्य. त्याने मधला मार्ग म्हणून बेर्गामो सुचवलं. दोघांनी एकदम मान हलवली, नाही म्हणून. त्या संध्याकाळी दोघांचं एकमत झालं ते एवढ्यापुरतं. अखेर तो म्हणाला, "मग ज्याने त्याने आपापल्या आवडीच्या गावाला जावं, झालं!" हा तोडगा दोघांना पसंत पडला, शहाणा माणूस दुसरं काय सांगणार? मास्तर इतका वेळ मुकाट जेवत होते. ते म्हणाले, "उत्तम. उद्या स्टेशनवर मीही येतो. तिकिटं माझ्याकडून, मास्तरांचा खाऊ समजा."

मिलानचं मुख्य स्टेशन म्हणजे राजवाडाच. तिथल्या उंच कमानीखाली दोघे भाऊ सकाळी उभे होते, हातभर अंतर राखून. तिकिटं यंत्रातून शिष्याने काढली, पण मास्तरांनी ती त्याच्याकडून मागून घेतली, चष्मा चढवून नीट वाचली आणि क्रेमोनाचं तिकीट पद्माकरच्या हातात दिलं, कोमोचं उल्हासच्या.

"सांभाळून जा. संध्याकाळी जेवायला घरीच या," म्हणाले.

परवाच मास्तरांनी घराची किल्ली फ्रीजमध्ये ठेवली होती. वय झालं बिचाऱ्यांचं, असं मनात म्हणत शिष्य पुढे सरसावला, तर मास्तरांनी त्याचं मनगट धरलं. अगदी फळ्याजवळ धरायचे तसं घट्ट.

आता भावांचं काय झालं ते बघा. दोघांनी आपापलं तिकीट वाचलं. दोघांचे चेहरे पडले. 'मास्तर, तुमचं चुकलं' असं मास्तरांना तोंडावर सांगण्याची छाती दोघांपैकी एकाचीही नव्हती. पद्माकर पन्नाशीला आलेला, पण समोर मास्तर उभे राहिल्यावर पन्नाशी कुठली टिकते? बरं, उपाय हाताशी होता. मास्तरांची पाठ फिरताच तिकिटांची अदलाबदल करायची की काम फत्ते. त्यासाठी मास्तर दहा पावलं दूर जाऊन, पाठ करून उभेही राहिले. पण अदलाबदल करायची तर 'दे इकडे' एवढं तरी म्हणायला हवं. पद्माकरला वाटलं, तो धाकटा आहे, त्याने म्हणावं. उल्हासला वाटलं, ते थोरले आहेत, त्यांनी म्हणावं. दोघे तिकिटाशी चाळा करत राहिले. शेवटी गाडीची घोषणा झाली आणि थोरला क्रेमोनाच्या फलाटाकडे गेला, धाकटा कोमोच्या.

हसू आलं ना? मलाही आलं होतं. नंतर मी आमच्या घरातली दोन-तीन माणसं आठवली आणि हसू आवरलं.

"मास्तर," गाड्या गेल्यावर शिष्य कळवळून म्हणाला, "तिकिटं उलटी गेली हो!"

"मला वाचता येतं," मास्तर म्हणाले. "चल, कॉफी पाज. ती एवढ्याशा कपातली नको, दुधाची."

कॉफी घेताना त्यांनी विचारलं, "वर्गात दोन पोरं भांडली की मी काय करायचो, आठवतं?"

"एकमेकांच्या बाकावर बसवायचात. आठवडाभर."

"का?"

इतकी वर्षं शिष्याला ती शिक्षाच वाटत आली होती.

"आपल्या वर्गात मधोमध एक खांब होता," मास्तर म्हणाले. "खांबामागे बसणाऱ्या पोराला फळा अर्धाच दिसायचा. खिडकीशी बसणाऱ्याला हे सांगून पटत नसे. त्याला वाटे, हा सोंग करतोय. तिथं नेऊन बसवलं की आपोआप पटायचं. तू काल जो तोडगा काढलास तो दिसायला न्याय्य होता. परंतु आपल्या आवडीच्या गावाला गेलेला माणूस काय पाहतो? जे पाहायचं म्हणून घरून ठरवून निघाला, तेच. पद्माकर कोमोला जाऊन अधिक पद्माकर होऊन आला असता, आणि उल्हास क्रेमोनाहून अधिक उल्हास होऊन. अन् उद्या विमानात दोघे शेजारी बसून दोन बाजूंना तोंडं करून घरी गेले असते. आता कसं, दोघेही चरफडत का होईना, दिवसभर एकच गोष्ट शोधतील. असं काय आहे या गावात, की माझा भाऊ त्यापायी माझ्याशी भांडतो?"

"आणि नाहीच सापडलं तर?"

"तर निदान 'तुझ्यामुळे माझा दिवस फुकट गेला' म्हणून भांडतील. भांडले तरी चालेल मला. बोलतील तरी." मास्तरांनी मिशीवरचा फेस पुसला. "आणि तिकिटं बदलून घेतली असती तर सगळ्यात आधी मीच टाळ्या पिटल्या असत्या. त्यासाठीच तर पाठ करून उभा होतो."

आपण आजवर किती जणांना किती गावं सुचवली, आणि सगळ्यांच्या गुडघ्यांची विचारपूस केली, हे शिष्याला आठवलं.

संध्याकाळी दोघे भाऊ आले, वेगवेगळे. पानं वाढली. मास्तर काही विचारत नव्हते आणि शिष्याला दम निघत नव्हता. "कसं काय होतं?" त्याने एकदाचं विचारलं.

"बरं होतं," उल्हास म्हणाला.

पद्माकरने भाकरी मोडली आणि नुसतीच हातात धरली. "एक म्हातारा कारागीर होता," तो मास्तरांना सांगू लागला. "पाय दुखायला लागले म्हणून त्याच्या दुकानात टेकलो. तो एक फळी घ्यायचा, बोटाने टकटक करायचा आणि कानाशी धरायचा. ठेवून द्यायचा. दुसरी घ्यायचा. मला वाटलं, काय हा रिकामटेकडेपणा! मग एकदम डोक्यात आलं, अरे, मी तरी दुसरं काय करतो? रेशमाची लड घेतो, मुठीत दाबतो आणि कानाशी नेऊन तिची करकर ऐकतो. तासभर बसलो होतो तिथं. त्याने एक तयार व्हायोलिन वाजवून दाखवलं. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही." मग मान वळवून थेट भावाला म्हणाला, "उल्हास, तू शेवटचं कधी वाजवलंस रे?"

उल्हासचा घास हातातच राहिला. "तुम्ही जिन्यातून ओरडला होतात ना दादा, 'गिऱ्हाईक बसलंय, बंद कर ते,' तेव्हा."

"त्याला तर वर्षं लोटली."

"हो."

"अरे, मी त्या गिऱ्हाइकापुरतं म्हणालो होतो!"

"पुन्हा वाजव, असं मात्र कधी म्हणाला नाहीत."

पद्माकरचे डोळे भरून आले, ते त्याने लपवलेही नाहीत. भाकरीचा तुकडा त्याने ताटात ठेवला. मग उल्हास बोलला.

"कोमोच्या त्या संग्रहालयात रेशीम गुंडाळायचा एक लाकडी रहाट मांडलाय. हात लावू नका, अशी पाटी आहे पुढे. आपल्या माळ्यावर पडलाय ना, तसाच. बाबा गेल्यावर तुमची शाळा सुटली आणि तुम्ही त्या रहाटावर कांड्या भरायला बसलात. मी दप्तर घेऊन तुमच्या समोरून शाळेत जायचो, क्लासला जायचो. पहिलं व्हायोलिन मला तुम्हीच आणून दिलंत. मला वाटायचं, यांना धाग्यापलीकडे काही आवडतच नाही. आज त्या रहाटापुढे उभं राहून कळलं, दुसरं काही आवडून घ्यायला तुम्हाला फुरसत कुणी दिली?"

"तसं नाही रे," पद्माकर नाक ओढत म्हणाला. "मला ते खरंच आवडतं."

"तेही कळलं. तिथली रेशमं बघताना सारखं वाटत होतं, दादा असते तर इथून हलले नसते. तुम्ही जायला हवं होतं तिथं."

"तूही क्रेमोनाला," पद्माकर म्हणाला. "मास्तरांनी गोंधळ घातला."

मास्तर ताक पीत होते. "वय झालं माझं," म्हणाले. "वरण घे कुणीतरी, गार होतंय."

"उल्हास, वाढ," पद्माकर म्हणाला, आणि उल्हासने वाढलं.

शिष्याकडे पाहुण्यांचा ओघ अजूनही चालू असतो. गुडघ्यांची चौकशी तो आजही करतो, ती करायलाच हवी. परंतु त्याआधी विचारतो, "तुमच्याबरोबर कोण आहे? आणि त्यांना कुठं जायचं होतं?" पुष्कळांना याचं उत्तर देता येत नाही. ते विचारून येतो म्हणतात, आणि तिथंच त्याचं निम्मं काम होतं.

आता तुम्ही विचाराल, वाटणीचं काय झालं? वाटणी झाली. ठरल्याप्रमाणे, गावी पोचल्यावर महिन्याभरात. दुकान थोरल्याकडे राहिलं, धाकट्याने आपला हिस्सा घेतला आणि व्हायोलिनचा क्लास काढला. जागा शोधत होता, तेव्हा थोरल्याने दुकानावरची माडी झाडून दिली. संध्याकाळी खाली पैठण्या उलगडतात आणि वर मुलं व्हायोलिनवर गज ओढतात. येवल्यातली माणसं सांगतात, की मधूनच गिऱ्हाईक सोडून पद्माकर उठतो, जिन्यात जाऊन वर तोंड करून ओरडतो, "उल्हास, त्या पोराची तार उतरलीय रे!" आणि ती खरंच उतरलेली असते.