दोन आवळे

“आणि चुकलं तर, बाबा? चुकीचा विषय घेतला आणि मग कळलं तर?”

हंसगिरीबाबा मठाच्या पायरीवर आवळे निवडत बसले होते. चांगला आवळा टोपलीत, किडका शेळीपुढे.

“कधी कळलं तर?”

“नंतर.”

“मग नंतर विचार मला.”

“तेव्हा उपयोग काय!”

शाल्मली दोन पायऱ्या खाली बसली होती. मांडीवर दप्तर, नजर मनगटावरच्या घड्याळात. कॉलेजचं पहिलं वर्ष, त्यातलं पहिलं सत्र नुकतंच संपलेलं. सत्रभर जीवशास्त्र आणि रसायनशास्त्र दोन्ही शिकून झालं होतं. आता एकच ठेवायचं, दुसरं सोडायचं. कोणतं ते आज पाचच्या आत कॉलेजात सांगायचं होतं. टेकडीखालच्या फाट्यावरून तालुक्याला जाणारी एसटी साडेतीनला होती.

“एकदा सोडलं की सोडलं, बाबा. परत येता येत नाही.”

“मार्क कशात जास्त?”

“दोन्हींत पहिली आले.”

“वा!”

“तीच तर अडचण आहे. मला काही अवघडच जात नाही.”

बाबांनी मान वर करून तिच्याकडे पाहिलं. मग एक किडका आवळा शेळीकडे टाकला. शेळीने हुंगला आणि तोंड फिरवलं.

“गुरुजनांना विचारलंस?”

“विचारलं. जीवशास्त्राचे सर म्हणाले, सूक्ष्मदर्शकाला तुझ्यासारखा डोळा लावणारं पोर मी पाहिलं नाही. रसायनशास्त्राच्या मॅडम म्हणाल्या, तुझ्या हातून एक थेंब जास्त पडत नाही, तू माझीच.”

“आणि घरी?”

“आई म्हणते जीवशास्त्र घे. पप्पा म्हणतात, आई म्हणते ते घे. म्हणून पप्पांना नाणं उडवायला लावलं.”

“मग?”

“एकदा छापा आला, एकदा काटा.”

“तिसऱ्यांदा?”

“मोरीत गेलं.”

बाबा हसले. तोंडात दात थोडेच होते, त्यामुळे हसू सगळं बाहेर आलं.

“हसू नका ना, बाबा. मला झोप लागत नाही. जेवण जात नाही.”

बाबा गंभीर झाले. डोळे तेवढे हसत राहिले.

“पोरी, तू आजवर कधी चुकली आहेस?”

ती आठवू लागली. शेळीने तोच आवळा पुन्हा हुंगून पाहिला…

“एकदा. दुसरीत असताना. पाढा म्हणताना.”

“मग काय केलंस?”

“रडले.”

“आणि मग?”

“मग कधी चुकलेच नाही.”

बाबांनी टोपलीतून दोन आवळे काढले आणि दोन तळहातांवर ठेवून तिच्यापुढे धरले. एक मोठा, पांढुरका. दुसरा लहान, अंगावर लालसर झाक असलेला.

“घे एक.”

शाल्मलीचा हात पुढे आला. मध्येच थांबला. लहानाकडे गेला, मोठ्याकडे वळला, परत आला.

“यातला गोड कुठला, बाबा?”

“आवळे आहेत, पोरी.”

ती ओशाळली. तरीही दोन्हींचे देठ पाहिले, दोन्ही दाबून पाहिले. बाबांचे हात भरून आले, पण त्यांनी ते खाली घेतले नाहीत. शेवटी तिने डोळे मिटले आणि एक उचलला. उरलेला बाबांनी आपल्या तोंडात टाकला.

तिने दाताने तुकडा तोडला. एक डोळा बंद झाला. मग दुसरा. खांदे कानांना भिडले.

“कसा आहे?”

“आई गं!”

“माझाही तसाच,” बाबा समाधानाने म्हणाले आणि तांब्या पुढे केला.

तिने तांब्या उंच धरून वरून धार सोडली. दोन घोट घेतले. थांबली. आणखी एक घेतला. आल्यापासून पहिल्यांदा तिचा चेहरा उजळला.

“गोड!” ती म्हणाली. “किती दिवसांनी काही गोड लागलं!”

“काय गोड?”

“पाणी.”

“मघाशी टेकडी चढून आलीस तेव्हा याच तांब्यातलं प्यालीस. तेव्हा गोड होतं?”

“नाही. साधंच होतं.”

“मग आवळा गोड?”

“तो कसला गोड!”

“मग जीभ?”

“जीभ गोड कशी असेल, बाबा? जिभेला गोड लागतं.” ती ताठ बसली. हा तिचा प्रांत होता. “सांगते. आवळ्यात आम्ल असतं, ते झालं रसायनशास्त्र. जिभेवर चव ओळखणाऱ्या पेशी असतात, ते झालं जीवशास्त्र. आता आम्ल पेशीवर बसलं, की पेशी… मग पाणी आलं, की ते आम्ल…”

बाबा ऐकत होते.

“म्हणजे पाणी आलं, की पेशीला…”

ती थांबली. तांब्याकडे पाहिलं. आणखी एक घोट घेऊन पाहिला. आता तो जरासाच गोड लागला.

“बाबा, हे नक्की कशामुळे होतं?”

“मला माहीत नाही.”

“मला पण माहीत नाही!” ती म्हणाली, आणि आपणच दचकली.

बाबांनी टोपली तिच्याकडे सरकवली.

“कोमट पाण्याने होत असेल का?” तिने विचारलं.

“चुलीवर आहे.”

ती आत धावली. वाटी घेऊन आली, आवळा चावला, पाणी प्याली, मान हलवली. मग आवळा नुसता डाव्या गालात धरून पाहिला. मग जिभेच्या टोकाला लावून पाहिला. मठात दुपारचं ताक उरलं होतं, तेही आणलं.

“तुम्ही पण घ्या, बाबा. माझ्या एकटीच्या जिभेवर कसा भरवसा ठेवायचा?”

बाबांनी घेतला. डोळे मिटले. ताक प्याले.

“काय?”

“ताक.”

“मलाही ताकच लागलं! आणि पाण्याला मात्र…” ती पायरीवरच उकिडवी बसली. “आता नाक दाबून पाहू. तुमचं मी दाबते.”

दोघांनी नाकं दाबली. शेळी दोघांकडे बघत राहिली. शाल्मलीला हसू फुटलं आणि पाणी नाकातून बाहेर आलं. बाबांना ठसका लागला. तिने त्यांची पाठ चोळली, तेव्हाही ती हसत होती. दप्तर केव्हाच मांडीवरून घसरून तुळशीपाशी पडलं होतं.

खाली वळणावर एसटीचा हॉर्न वाजला.

ती ताडकन उठली. चेहऱ्यावरचं हसू गेलं.

“बाबा! माझा प्रश्न राहिलाच! कॉलेजात जाऊन काय सांगू?”

बाबा उपरण्याने तोंड पुसत होते. सावकाश पुसलं.

“मघाशी मी दोन आवळे पुढे केले होते.”

“हो.”

“कुठला खाल्लास?”

शाल्मलीने टोपलीकडे पाहिलं, बाबांच्या रिकाम्या हातांकडे पाहिलं. मोठा? की तो लालसर?…

“आठवत नाही, बाबा.”

“मलाही नाही.”

हॉर्न पुन्हा वाजला, या वेळी जवळून. ती क्षणभर तशीच उभी राहिली. मग हसू परत आलं. ती बाबांच्या पाया पडली, दप्तर पाठीला लावलं, चपलांत पाय सरकवले.

“ठरलं का?” बाबांनी विचारलं.

“ठरवते. फाट्यापर्यंत जाईस्तोवर.”

तिने वाटेत खायला म्हणून टोपलीतून एक आवळा उचलला. पाहिलाही नाही. तोंडात टाकला, कचकन चावला आणि डोळे घट्ट मिटून पायऱ्या उतरायला लागली.

“अगं, थांब!” बाबांनी तांब्या उचलून हाक मारली. “पाणी पिऊन जा.”