काचवाल्या हिंदुरावाचा गंडा

“…पण मग मी पडणार न्हाई न्हवं, आक्का? कधीच? तेवढं सांगा.”

हिंदुराव मनगट पुढं करून बसला होता. सासरवाडीत जावई ताटाची वाट बघत बसतो, तसा.

तुळसाक्का पावट्याच्या शेंगा सोलत होत्या. त्यांनी मनगटाकडं बघितलं नाही.

“धंदा काय तुझा?”

“काचा पुसतो. दुकानांच्या, दवाखान्यांच्या, मोठ्या मोठ्या हापिसांच्या. वीस वर्षं झाली शिडीवर. एकदा पडलो न्हाई.”

“मग गंडा कशाला?”

हिंदुरावानं मान वळवली. मागं त्याची बायको इंदू बसली होती. उत्तर तिनं दिलं.

“माझा भाऊ पडला म्हणून. ह्यांच्याच शिडीवरनं.”

…

तुळसाक्कांचा मठ गावाबाहेर माळावर आहे. मठ म्हणजे दोन खोल्या, एक ओसरी आणि मी. झाडलोट आणि चूल माझ्याकडं, ज्ञान आक्कांकडं. लोक गंड्यासाठी येतात. काळा दोरा, आणि त्याला एकच गाठ. दुसरी मारा म्हटलं की आक्का म्हणतात, “दुसरी तुझी तू मार.” लोकांना वाटतं ह्यात फार मोठा अर्थ आहे. मी बारा वर्षं बघतेय. असेलही.

“भाऊ कधी पडला?” आक्कांनी विचारलं.

“खंडेनवमीला,” हिंदुराव म्हणाला. “आन् तेच मला कळंना झालंय, आक्का. हत्यारांची पूजा असती त्या दिवशी. शिडीला हळदकुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली, नारळ फोडला. काय म्हणून कमी केलं न्हाई. मेव्हणा म्हणला, दाजी, मुहूर्ताची एक काच मी पुसतो. चढला. पाचव्या पायरीवर असंल, आणि शिडीनं पायच सोडला. शिडी एकीकडं, सर्जेराव एकीकडं.”

“खुब्याचं हाड मोडलं,” इंदू म्हणाली. “अजून खाटेवर हाय.”

“त्यानं सकाळी अंडं खाल्लं हुतं,” हिंदुराव आवाज उतरवून म्हणाला. “नवरात्रात. देवी काय सोडती व्हय?”

आक्कांनी एक किडकी शेंग बाजूला टाकली.

“तू खाल्लं हुतंस का?”

“छ्या! मला नऊ दिवस उपास.”

“मग तुला देवी काय करती? जा घरी.”

इंदू पुढं सरकली.

“न्हाई आक्का. उद्या मंगल कार्यालयाची दर्शनी काच पुसायला जाणार हैत. तीस फूट उंच. मी सांगून ठेवलंय, आक्कांचा गंडा हातात नसताना शिडीला पाय लावलासा, तर मी भावाकडं निघाले ऱ्हायला. परत येणार न्हाई. तिथं बी उठवायला-बसवायला एक माणूस लागतंयच. मग एकच उचलते. दोन-दोन न्हाई उचलणार.”

ती हे रडून बोलली नाही. बाजारात भाव सांगावा तसं बोलली. हिंदुरावानं हसण्यावारी न्यायला बघितलं, पण हसू काही ओठावर आलं नाही. बाई खरंच जाणार होती, हे त्याला कळलेलं होतं.

“शिडी आणलीयास?” आक्कांनी विचारलं.

“टेम्पोवर हाय. तिच्याबिगर मी कुठं जात न्हाई.”

“आण. ती काच पूस. मग गंड्याचं बघू.”

ओसरीत वर, उजेडासाठी एक काचेची खिडकी आहे. बारा वर्षांत तिला कबुतरांशिवाय कुणाचा हात लागलेला नाही. मी शिडीवर चढत नाही. मला अक्कल आहे.

…

हिंदुरावानं शिडी आणली आणि भिंतीला लावली. लावली म्हणजे काय, चिकटवली. भिंतीच्या कानात काही गुपित सांगायचं असल्यासारखी ती शिडी सरळ उभी. खाली शहाबादी फरशी, आणि ती मी आत्ताच ओल्या फडक्यानं पुसलेली. शिडीच्या पायातले रबरी बूट झिजून त्यांची नुसती आठवण राहिलेली.

इंदू उठली आणि शिडी धरायला गेली.

“सर बाजूला!” हिंदुराव खेकसला. “बायको शिडी धरून उभारल्यावर लोकं हसत्यात. लग्न झाल्यावर दोन वर्षं धरलीस, तेवढं रग्गड झालं.”

“हितं कोण हाय हसायला?”

“सवय मोडती माणसाची.”

इंदू येऊन माझ्याशेजारी बसली. ताटातल्या चार शेंगा घेऊन सोलायला लागली. दाणे आणि टरफलं एकाच भांड्यात टाकत होती.

हिंदुराव चढला. एका हातात बादली, दुसऱ्यात रबरी पट्टी. शिडी धरायला तिसरा हात देवानं त्याला दिलेला नव्हता. वर गेल्यावर शेवटचा कोपरा गाठायला त्यानं कंबर अशी बाहेर काढली की शिडीचा एक पाय क्षणभर फरशी सोडून वर आला.

टक्…

परत टेकला.

इंदूनं डोळे मिटलेले होते. ते तिनं तो खाली येईपर्यंत उघडले नाहीत.

“बगा!” हिंदुराव खाली उतरून म्हणाला. “आरसा केलाय आरसा. कुणी धरली का शिडी? लागतच न्हाई. शिडीला कळतं वर कोण हाय ते.”

त्यानं परत मनगट पुढं केलं.

आक्का मान वर करून काचेकडं बघत होत्या.

“एक कोपरा राहिलाय.”

“कुठला?” हिंदुरावाला ते लागलं. “न्हाई आक्का. माझ्या हातनं कोपरा ऱ्हात न्हाई.”

“तुला दिसायचा न्हाई.”

आक्का उठल्या. चौऱ्याहत्तर वर्षांचं वय, गुडघे उठताना चुलीतल्या काटक्यांसारखे वाजतात. त्यांनी कासोटा घट्ट केला, पदर खोचला, माझ्या हातातलं फडकं ओढून घेतलं आणि सरळ जाऊन शिडीच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवला.

हिंदुराव आधी हसला.

मग आक्कांनी दुसऱ्या पायरीवर पाय ठेवला.

“आवो आक्का! आक्का, थांबा! आवो शिडी उभी लावलीया, पाठीमागं येईल!”

“आत्ता तूच गेलास की वर.”

“माझं येगळं हाय! खाली उतरा. आवो, फरशी ओली हाय!”

आक्का उतरल्या नाहीत. म्हणाल्या, “तुला काय करायचं ते पटकन कर. मी तिसऱ्या पायरीवर निघाले.”

मग त्या माणसानं जे केलं ते बघण्यासारखं होतं. खांद्यावरचा टॉवेल काढून गुडघ्यावर बसून त्यानं फरशी कोरडी केली. आक्का वर उभ्या असतानाच हातभर, हातभर करत शिडीचा पाय भिंतीपासून लांब ओढला. खाली दगडासारखा पाय रोवला. दोन्ही दांड्या दोन्ही हातांनी अशा आवळल्या की बोटं पांढरी पडली.

वीस वर्षांत हे सगळं त्याला येत होतं. फक्त केलेलं नव्हतं.

…

आक्का सहाव्या पायरीवर जाऊन थांबल्या. कोपरा वगैरे काही पुसला नाही. एका हातानं शिडी धरून निवांत उभ्या राहिल्या, देवळाच्या शिखरावर पोपट बसावा तशा.

“हिंदुराव.”

“जी.”

“ओल्या फरशीनं काय होतंय?”

“शिडी घसरती, आक्का. खाली या.”

“येते. खंडेनवमीला पूजा कुठं केलीस?”

“दारात. पोर्चमधी.”

“खाली काय हाय?”

“गुळगुळीत फरशी.”

“नारळ कुठं फोडलास?”

“शिडीच्या पायाशी. तिथंच फोडत्यात की. दांडीवर आपटला, एका दणक्यात दोन…”

हिंदुराव थांबला.

बाहेर टेम्पोवर कावळा ओरडत होता, तोसुद्धा थांबला.

“आणि पाणी?” आक्कांनी वरून विचारलं.

…

“पाणी कुठं गेलं, हिंदुराव?”

इंदू सावकाश उठली. हातातली शेंग तिनं खाली ठेवली.

“म्हंजी माझा भाऊ नारळाच्या पाण्यावरनं घसरला?”

हिंदुरावाला पळता येईना, कारण हात सोडता येत नव्हते. त्यानं शिडीच्या आडून बायकोकडं बघितलं. गजाआडचा माणूस बघतो तसं.

“दीड महिना!” इंदू म्हणाली. “दीड महिना साऱ्या भावकीत सांगत फिरलासा, सर्जेरावानं अंडं खाल्लं, सर्जेरावानं अंडं खाल्लं. माझी आई त्याच्या उशाला बसून देवीची माफी मागती रोज. त्यानं कोंबडीचं नाव टाकलंय!”

“इंदे, आता न्हाई. आक्का वर हैत.”

“आक्कांनाच बरं ऐकू येऊ द्या.”

“येतंय मला,” आक्का म्हणाल्या.

तेवढ्यात एक माशी येऊन हिंदुरावाच्या नाकावर बसली. आमची माशी म्हणजे मठाचीच, तिलाही घाई नसते. हिंदुरावानं नाक मुरडलं. फुंकर मारली. डोकं हलवलं. माशी नाकाच्या शेंड्यावरून भुवईवर गेली आणि परत शेंड्यावर आली.

“एक हात सोड की,” आक्का म्हणाल्या. “मला काय होत न्हाई.”

“न्हाई सोडणार.”

“शिडीला कळतं म्हणलास न्हवं, वर कोण हाय ते?”

“तिला काय कळतंय!” हिंदुराव कळवळून ओरडला. “लोखंडाला काय कळतंय, आक्का! इंदे, एवढी माशी हाकल की.”

इंदूनं पदर कमरेला खोचला, हाताची घडी घातली.

“नको. लोकं हसत्यात.”

मी हसले. मला हसू आवरत नाही, म्हणून तर मला ज्ञान आलं नाही.

आक्का मात्र हसल्या नाहीत. त्यांनी वरून वाकून खाली बघितलं.

“मी पडले असते तर काय झालं असतं रे?”

“काय बोलताय! ह्या वयात हाड जुळत न्हाई.”

“न जुळू दे. माझ्यामागं कोण हाय? ना नवरा, ना मूल. ही एक हाय, ती दुसरी आक्का बघंल.”

हे माझ्याबद्दल होतं. मी ऐकून घेतलं.

“तरी धरलीस,” आक्का म्हणाल्या.

नाकावरची माशी एव्हाना गेली होती, ते त्याला कळलंसुद्धा नाही. तो वर बघत नव्हता. इंदूकडं बघत होता. मघाशी तो वर असताना ती जिथं डोळे मिटून बसली होती, त्या जागेकडं.

“तू वर असतोस तवा खाली काय चाललेलं असतंय, ठावं हाय तुला?” आक्कांनी विचारलं.

“वरनं दिसत न्हाई, आक्का.”

“हं…”

एवढं म्हणून आक्का उतरायला लागल्या. तोंड शिडीकडं, एक पाय, मग दुसरा, हात दांडीवर. शेवटची पायरी उतरून त्यांचे पाय फरशीला लागले, तरी हिंदुरावानं शिडी सोडली नाही. आक्कांनाच त्याची बोटं सोडवावी लागली.

…

हिंदुराव फरशीवरच बसला. इंदू जायला निघाली होती. पिशवी तिच्या काखेत होती, आणि ती भावाच्या घरची वाट होती की स्वतःच्या, ते तिच्या तोंडावरून कळत नव्हतं.

“इंदे.”

तिनं मागं बघितलं नाही.

“उद्या येशील का? कार्यालयावर… शिडीला.”

“लोकं हसतील.”

“हसू देत.”

“पोरं शिट्ट्या मारतील.”

“मारू देत.”

“आणि सर्जेरावाला काय सांगणार?”

हिंदुरावानं ओला टॉवेल परत खांद्यावर टाकला. तीस फुटावर चढायचं त्याला कधी एवढं अवघड गेलं नसेल.

“जाताना त्याच्याकडनंच जाऊ. सांगतो. चुकी माझी हुती म्हणून सांगतो… अंडी बी घेऊन जाऊ.”

इंदूनं काखेतली पिशवी खाली ठेवली.

“नारळ घरात ठेवणार असाल तर येईन,” ती म्हणाली.

मग हिंदुराव उठला, आक्कांसमोर येऊन बसला आणि बाही सारून मनगट पुढं केलं.

आक्कांनी डबीतनं काळा दोरा काढला. थुंकी लावून त्याचं टोक वळलं. हिंदुरावाचं मनगट हळूच बाजूला सारलं, आणि इंदूला हाक मारून तिच्या मनगटात गंडा बांधला. एक गाठ मारली.

मग थांबल्या, आणि दुसरीही मारली.

बारा वर्षांत मी पहिल्यांदाच बघत होते. माझ्या हातातलं पाखडायचं सूप तसंच राहिलं.

“आक्का!” हिंदुराव रिकामं मनगट घेऊन म्हणाला. “आवो, शिडीवर चढणार मी हाय!”

आक्कांनी पावट्याचं ताट परत पुढं ओढलं.

“ठावं हाय लेका. चढणार तू, धरणार ही. म्हणून तर दोन मारल्या.”