भुरीचं वेताचं कडं

फार मागे एका रानात भुरी नावाच्या अस्वलाच्या पोरीने माकडांशी पैज लावली. एकवीस दिवस रोज वेताचं कडं कमरेभोवती न पाडता शंभरदा फिरवायचं! आई मध शोधायला जायची तेव्हा वीस दिवस मस्त जमलं.

शेवटच्या दिवशी आई मुद्दाम बघायला थांबली. "अगं हळू! पडशील! पोटात दुखेल बाई!" भुरी तिच्याकडे बघायची आणि कडं धपकन खाली. असं चारदा झालं. दिवस कलायला आला.

मग भुरीने दुसरं कडं आईच्या कमरेत घातलं. "आता तूपण फिरव."

"ह्या वयात? माकडं हसतील गं!" म्हणत आईने कंबर हलवली.

थोड्या वेळाने भुरी ओरडली, "आई, शंभर झाले! जिंकले मी!"

"मध्ये बोलू नकोस गं," आई धापा टाकत म्हणाली, "माझे आत्ता कुठे चाळीस झालेत."