डोळ्यांवर पट्टी बांधणारी वैद्यशाळा

फार फार पूर्वी, डोंगरांची बारशीसुद्धा अजून व्हायची होती तेव्हा, एका राज्यात मोठी वैद्यशाळा होती. तिच्या मागच्या भिंतीला लागूनच रान सुरू व्हायचं. सातशे औषधी वनस्पती त्या रानात होत्या आणि सातशे वनस्पतींचे सातशे श्लोक त्या शाळेत होते. दोघांची गाठ मात्र कधी पडली नव्हती.

त्याचं कारण ऐका. या शाळेचे आद्य गुरू आंधळे होते. आंधळे असून ते एवढे ज्ञानी झाले, तेव्हा ज्ञान अंधारातच येत असणार, असा मागच्यांनी अर्थ लावला. अर्थ लावायला माणसाला पळभर पुरतो. तो चुकला हे कळायला चार पिढ्या जातात. तेव्हापासून पाठाला बसताना शिष्यांच्या डोळ्यांवर जाड कापडाची पट्टी बांधायची प्रथा पडली. शिकवणाऱ्यांच्याही डोळ्यांवर पट्टी असे. बारा वर्षं असं घोकलं की शिष्य वैद्य होई आणि एका गावाचे जीव त्याच्या हाती सोपवले जात.

शाळेच्या गादीवर एक वृद्ध आचार्य होते. सातशे श्लोक ते सुलटे म्हणत आणि कुणी हौसेनं सांगितलं तर उलटेही म्हणत.

एकदा श्रावणात त्यांचा सर्वांत हुशार शिष्य परत आला. चैत्रातच त्याला त्याच्या गावी वैद्य म्हणून पाठवलं होतं. त्यानं वैद्यकीची शाल आचार्यांच्या पायाशी ठेवली.

"ही परत घ्या, गुरुजी."

"काय झालं?"

"गावात एका मुलाला ताप चढला. तापहारीचा श्लोक मला लगेच आठवला. पान बदामी, कड दातेरी, पाठ रुपेरी, चव आधी कडू मग गोड. मी रानात धावलो. तिथं सगळंच हिरवं होतं. मला एकही झाड ओळखता येईना. दुपारी मूल गेलं."

आचार्यांनी शालीला हात लावला नाही.

"मागाहून एका म्हातारीनं दाखवलं. तापहारी त्याच घराच्या उंबऱ्यापाशी उगवली होती. मी तिला तुडवूनच आत गेलो होतो, गुरुजी."

आचार्यांना त्या दिवशी घास गोड लागला नाही. शिष्याला दोष द्यावा, तर त्याचं एक अक्षरही चुकलं नव्हतं. मग चुकलं कुणाचं? येत्या चैत्रात आणखी बारा शिष्य बारा गावांना जायचे होते. त्या गावांतही मुलं होती आणि ताप तिथंही येणार होता.

सकाळी ते उठले आणि आयुष्यात पहिल्यांदा मागच्या रानात शिरले. तापहारीचा श्लोक म्हणत म्हणत शोधू लागले. सूर्य डोक्यावर आला तरी तापहारी सापडेना. सातशे श्लोकांचा धनी एका रोपट्यापुढे हरला होता. ते दगडावर बसले आणि लहान मुलासारखे रडले.

तिथं एक धनगरीण शेळ्या चारत होती. तिनं विचारलं, "काय हुडकताय, म्हाराज?"

"तापहारी."

ती हसली. "तुमच्या पायापाशीच हाय की. निम्मी माझ्या शेळीनं खाल्ली बघा, तुमचं गाणं संपंस्तवर."

आचार्यांनी खाली पाहिलं. तिनं एक पान खुडून त्यांच्या हातावर ठेवलं. त्यांनी ते उलटं केलं, आणि पाठ खरोखरच रुपेरी होती. बारीक लव होती तिच्यावर, आणि त्या लवेत सकाळचं दव अजून अडकून राहिलं होतं. त्यांनी पान चावलं. आधी कडू लागलं. मग हळूहळू, अगदी घशापाशी, गोड झालं. चाळीस वर्षं जे शब्द त्यांनी हजार वेळा उच्चारले होते, ते आज जिभेवर खरे होत होते.

धनगरीण म्हणाली, "माझ्या आजीची आजी तुमच्या त्या आंधळ्या म्हाराजांची काठी धरून हितंच हिंडायची म्हणं. पानापानावरनं बोट फिरवायचे ते. हुंगायचे, जिभंवर धरायचे. एकेका झाडापाशी दोन-दोन दिस बसून ऱ्हायचे. डोळं नव्हतं, म्हणून हातानं बघायचे. पण बघायचे."

आचार्यांनी आणखी एका पानावरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "बाई, आम्ही त्यांचं आंधळेपण तेवढं घरी नेलं आणि त्यांचे हात इथंच सोडून आलो."

शाळेत येऊन त्यांनी सर्वांना पट्ट्या सोडायला सांगितलं. उपाचार्य ताडकन उठले. माणूस वाईट नव्हता, पण प्रथेचा पक्का होता.

"पट्टी सोडायची तर गादीही सोडावी लागेल, आचार्य."

"गादी ठेवून घ्या. मुलं तेवढी बाहेर येऊ द्या."

बारांपैकी पाचच आले. शाल परत करणारा शिष्य सहावा. बाकीचे सात पट्टी घट्ट करून बसून राहिले.

रानात आचार्यांनी पाठ दिला नाही. त्यांनी प्रत्येकाला एकेका रोपट्यापाशी बसवलं आणि सांगितलं, "तीन दिवस याच्याजवळ राहा. मग मी विचारीन आणि तुम्ही सांगा. परीक्षा म्हणून विचारणार नाही. मला ठाऊक नाही, म्हणून विचारणार आहे."

शिष्य गोंधळले. आपल्या गुरूला काही ठाऊक नसतं, हे त्यांनी इतक्या वर्षांत ऐकलं नव्हतं.

पहिल्या दिवशी त्यांना उन्हाचा त्रास झाला आणि मुंग्यांचा त्याहून जास्त. दुसऱ्या दिवशी एक जण निळ्या फुलापुढे बसला तो उठेचना. जेवायला हाक मारली तरी हलेना. अखेर आचार्य त्याच्याजवळ गेले.

तो म्हणाला, "अकरा वर्षं मी 'पाकळी निळी' असं म्हणत आलो. निळं एवढं निळं असतं, हे मला माहीत नव्हतं."

आचार्यही त्याच्याशेजारी बसले. दोघांनी मिळून ते फूल मिटेपर्यंत पाहिलं.

मग दिवस कसे गेले ते कुणाला कळलं नाही. कुठलं पान ऊन चढलं की मान टाकतं, कुठलं मूळ ओढ्याकाठीच धरतं, आजारी शेळी काय शोधत जाते, हे सगळं ते एकमेकांना सांगू लागले. गंमत अशी, की श्लोक कुणी विसरलं नाही. उलट आता श्लोक म्हणताना आवाज आपोआप खाली येई, देवापुढे येतो तसा.

चैत्रात रानातले पाच शिष्य पाच गावांना गेले. पट्टीतल्या सातांना उपाचार्यांनी आणखी उजळणीसाठी शाळेतच ठेवून घेतलं. रानात शाल परत केलेला शिष्य तेवढा मागे राहिला. आपल्या गावाला तोंड दाखवायचं त्याला धैर्य नव्हतं.

वैशाखात तापाची साथ आली आणि तिनं पहिल्यांदा शाळाच गाठली. उपाचार्य अंथरुणाला खिळले. शिष्य त्यांच्याभोवती बसून तापहारीचा श्लोक म्हणू लागले. एकानं एक अक्षर गाळलं, तर उपाचार्यांनी तेवढ्या तापातही त्याची चूक दुरुस्त केली. ताप मात्र चढतच गेला.

ही बातमी रानात पोचली. तो मागे राहिलेला शिष्य उठला, चिखलानं भरलेल्या पायांनी शाळेत शिरला आणि आपल्या हातांनी वाटलेला तापहारीचा रस उपाचार्यांना पाजू लागला. दोन दिवस तो उशापासून हलला नाही. तिसऱ्या दिवशी ताप उतरला.

उभं राहण्याइतकं बळ येताच उपाचार्य म्हणाले, "मला तिच्याकडे ने."

शिष्यानं त्यांना हाताला धरून रानातल्या उतारावर नेलं. उपाचार्य त्या रोपट्यासमोर बसले. त्यांनी एक पान उलटलं आणि श्लोक म्हणायला सुरुवात केली. 'पाठ रुपेरी'पर्यंत आले आणि थांबून पानाची पाठ बघत राहिले.

"चाळीस वर्षं मी हिचं नाव घेतलं," ते शेवटी म्हणाले. "हिनं माझा जीव वाचवला, तेव्हा आमची ओळखसुद्धा नव्हती."

त्यांनी त्याच दिवशी त्या सात शिष्यांना रानात बोलावून घेतलं आणि आपणही त्यांच्यात जाऊन बसले. तो शिष्य दुसऱ्या सकाळी आपल्या गावी निघाला. साथ तिकडं पोचायच्या आत त्याला पोचायचं होतं.

तात्पर्य: नाव पाठ करून घेतो तो पंतोजी; ज्याचं ते नाव, त्याच्या भेटीला नेतो तोच गुरू.