सत्तर किलोचा नवस

एका गावात एक भोळा माणूस राहत होता. गाव करंजोळी आणि माणूस मी, गोरख शिंगाडे. भोळा हा शब्द लोक माझ्या तोंडावर वापरतात. मी जरा पुढे गेलो की दुसरा वापरतात, तो इथे लिहिण्याजोगा नाही.

मी नऊ वर्षांचा असताना तापानं फणफणलो. डॉक्टरांनी हात टेकले. तेव्हा आईनं भैरोबाला नवस बोलला, "माझा पोरगा उठू दे. त्याची गुळानं तुला करीन. माझ्या रानातल्या गुळानं." म्हणजे ताजव्याच्या एका पारड्यात मी, दुसऱ्यात माझ्या भारंभार गूळ, आणि तो गूळ देवाला. मी उठलो. तुला मात्र राहून गेली. एका वर्षी ऊस वाळला. एका वर्षी मी दहावीला बसलो. एका वर्षी पुन्हा दहावीला बसलो. मग लग्न झालं. दर जत्रेला आई म्हणायची, "पुढच्या साली करू." देव थांबला, पण मी वाढायचा थांबलो नाही. नवस बोलला तेव्हा मी वीस किलोचा होतो. आता अठ्ठ्याऐंशी किलोचा झालो होतो.

यंदा दिवाळीनंतर आईनं मनावर घेतलं. सगळा ऊस कारखान्याला गेला, फक्त विहिरीकडच्या सऱ्यांतला देवासाठी राखला. त्याचा गूळ केला. दहा-दहा किलोच्या सात ढेपा निघाल्या. आईनं ढेपांकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. मग परत ढेपांकडे.

"गोरखा, ढेपा काय वाढायच्या न्हाईत. तवा तूच कमी हो."

"किती होऊ?"

"सत्तर. चैताच्या जत्रेपातूर. माझं वय झालंय बाबा. त्या फुडची जत्रा बघीन का न्हाई, कुणाला ठावं. देवाचं देणं डोस्क्यावर घिऊन मला जायाचं न्हाई."

मला फार वाईट वाटलं. आईसाठी मी काय वाटेल ते करायला तयार होतो. आमच्या घरात सगळे घाबरतात ते यालाच.

ढेपा माळ्यावर पाचटात ठेवल्या. आईला शिडी चढवत नाही, म्हणून राखण माझ्याकडे आली. आई म्हणाली, "ह्येला कुणाला हात लावू द्यायाचा न्हाई." मी खूणगाठ बांधली.

दुसऱ्या दिवशी मी तालुक्याच्या जिममध्ये गेलो. तिथले विक्रांत सर असे की शर्टाच्या बाह्या त्यांच्या दंडांना पुरत नव्हत्या. त्यांनी मला काट्यावर उभं केलं, काट्याकडे बघितलं आणि रंगाच्या डब्याएवढा एक डबा माझ्या हातात दिला.

"यात प्रोटीन आहे. दिवसातून दोनदा याचा शेक घ्या. वजन उतरेल."

"गोड करू का?"

"साखर विष आहे. अगदीच गोड लागलं तर गूळ."

मी खूणगाठ बांधली. घरी येऊन भांडंभर दुधात दोन चमचे पावडर ढवळली. ओल्या भिंतीची चव लागली. आता गोड तर अगदीच लागत होतं. आणि गूळ म्हणाल तर घरात होता. पण हात लावायचा नाही असं आईनं बजावलेलं. म्हणून मी हात लावला नाही. विळी वर नेली, ढेप विळीवर कापली, आणि तुकडा चिमट्यानं उचलला.

सकाळी तीन भाकरी आणि वर शेक. रात्री तीन भाकरी, भात आणि वर शेक. सर म्हणाले होते दोनदा, तर एकदाही चुकवला नाही. महिन्यानं काट्यावर उभा राहिलो, तर एक्याण्णव.

सरांनी काटा हलवून बघितला. मग मला हलवून बघितलं. "जेवणाबरोबर घेता की काय?"

"बरोबर नाही. जेवल्यावर."

"अहो शिंगाडे! पावडर काय जादू आहे का? वर घेतली तर वजन वाढणारच. शेक जेवणाच्या ऐवजी घ्यायचा. एका वेळच्या भाकरी काढायच्या, तिथं शेक ठेवायचा."

हे मात्र मला एकदम पटलं. मी खूणगाठ बांधली: भाकरी काढायच्या, तिथं शेक ठेवायचा.

दुसऱ्या दिवशी आमच्या गव्हात खुरपणीला बायका आल्या होत्या. माझी बायको अलका पहाटे उठून त्यांच्यासाठी भाकरी थापत बसली होती. पाटी भरली, वर पिठलं ठेवलं आणि मला म्हणाली, "दुपारच्याला एवढं रानात पोचवा. दुसरं कायबी करू नगा." मी दुसरं काहीच केलं नाही. पाटीतल्या भाकरी काढल्या आणि तिथं शेकची कळशी ठेवली. बायांना गोड लागेल म्हणून निम्मी ढेप आत फोडली. भाकरी वाया जाऊ नयेत म्हणून झाडाखाली बसून मी खाल्ल्या.

बायका बांधावर ओळीनं बसल्या. वाटीवाटीनं शेक वाढला. त्यांच्यातल्या सगुणाकाकूनं वाटी हुंगली.

"ह्ये काय रं?"

"प्रोटीन. वजन उतरतं."

"कुणाचं?"

मी त्यांच्याकडे बघितलं. खरंच, उतरवण्यासारखं कुणाकडेच काही नव्हतं. त्यांनी खुरपी उचलली आणि त्या घरी गेल्या. वाटेत आमच्या दारावरून गेल्या, आणि अलकाशी बोलून गेल्या.

संध्याकाळी अलका कमरेला पदर खोचून उभी होती. "अवं, जो राबतोय त्येला पोटभर जेवाण घालावं! तुमचं त्ये श्याक बसून खाणाऱ्याला!"

तिचं बरोबर होतं. मला माझीच लाज वाटली. मी खूणगाठ बांधली: राबतोय त्याला जेवण, बसून खातोय त्याला शेक.

आता आमच्या घरात बसून कोण खातं? मी खातो. पण माझ्याहूनही जास्त आमची म्हैस खाते. दिवसभर बसलेली असते आणि तोंड चालू असतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिच्यापुढची वैरण काढली आणि बादलीभर शेक ठेवला. तिनं नुसतं नाक फुरफुरवलं. मग मी विळी घेऊन माळ्यावर गेलो. गूळ पडल्यावर तिनं बादली चाटून उलटी केली आणि माझ्याकडे असं बघितलं, की तसं आजवर घरात कोणी बघितलं नव्हतं. मला भरून आलं. आठवडाभर मी तिला दोन वेळा बादली दिली. सर म्हणाले होतेच दोनदा.

आठव्या दिवशी म्हशीचं पोट जे बिघडलं, ते गोठ्याच्या भिंतीवर वाचता येत होतं. दूध आटलं. गुरांचे डॉक्टर फटफटीवरून आले, त्यांनी सुई टोचली, डबा उलटसुलट करून बघितला आणि मलाही तसंच बघितलं.

ते गेल्यावर अलका बोलली. आधी माझ्या बापाच्या नावानं बोलली, मग माझ्या. शेवटी म्हणाली, "पोटात काय घालायचं ते आदी डाक्टरला इचारावं! मग तोंडाला लावावं!"

मी खूणगाठ बांधली. दुसऱ्या दिवशी माझ्यापुढे ताट आलं. पहिला घास तोंडाशी नेला आणि थांबलो. उठलो, फोन लावला. माझ्याकडे एकाच डॉक्टरांचा नंबर होता.

"डॉक्टर, गोरख शिंगाडे बोलतोय. करंजोळी. खायला काय द्यायचं?"

"अजून पोट बरं नाही का?"

"पोट बरं आहे. मोठं आहे फक्त."

"ते पावडर-बिवडर पहिलं बंद करा. ओला चारा, सुका चारा, पाणी भरपूर. पेंड निम्म्यावर आणा. आणि नुसतं बांधून ठेवू नका हो. सकाळ-संध्याकाळ रानात फिरवा."

"किती वेळ?"

"दमेपर्यंत."

मी ताट बाजूला सारलं. ओला चारा म्हणून मेथी, मुळ्याचा पाला, कांद्याची पात. सुका चारा म्हणून एक भाकरी. पेंड म्हणजे शेंगदाण्याचीच की. म्हणून शेंगदाण्याची चटणी निम्म्यावर आणली. पावडर बंद. गूळ मात्र डॉक्टरांनी बंद सांगितला नव्हता, म्हणून तो चालू ठेवला.

राहिलं फिरवणं. डॉक्टर फिरा म्हणाले नव्हते, फिरवा म्हणाले होते. एकट्यानं कसं फिरवणार? मी अलकाला म्हणालो, "मला फिरव." तिनं दोन क्षण विचार केला. मग मला रानात नेलं आणि हातात कुदळ दिली. दमेपर्यंत. दुसऱ्या दिवशी पाटी दिली. मग खुरपं दिलं, कारण गव्हातलं तण तसंच उभं होतं. तिनं मला असं फिरवलं की गावातल्या बायका आपापल्या नवऱ्यांना बांधावर आणून दाखवू लागल्या.

वजन उतरायला लागलं. श्वास रोखल्याशिवाय न बसणारा पट्टा नुसताच बसू लागला. मग तो ढिला झाला. जत्रेच्या आदल्या दिवशी मी जिमच्या काट्यावर उभा राहिलो, तर सत्तर! ना इकडे, ना तिकडे. विक्रांत सरांनी मला मिठी मारली आणि माझे चार फोटो काढले. आईला सांगितलं. माझ्या गालावरून हात फिरवून तिनं कडाकडा बोटं मोडली. इतक्या वर्षांत मी तिच्या कामी इतका कधी आलो नव्हतो. रात्रभर मी खुशीत होतो.

जत्रेला देवळापुढे माणूस मावत नव्हता. मांडवात ताजवा टांगला होता. विक्रांत सरही आले होते. हातात डबा धरून लोकांना सांगत होते, "आमच्या शेकनं एकवीस किलो उतरले." अलका मागून म्हणाली, "आमच्या म्हशीच्या डाक्टरानं." ढोल वाजत असल्यामुळे दोघांपैकी कुणाचंच ऐकू आलं नाही.

मी अंघोळ करून, हळद लावून पारड्यात बसलो. पारडं खाली टेकलं. तातोबा गुरवांनी पोत्यातून पहिली ढेप काढून समोरच्या पारड्यात ठेवली. दुसरी ठेवली. तिसरी. चौथी. मग पोत्यात हात घातला, आणि नुसतंच पोतं वर आलं.

"म्होरली?"

"संपल्या," मी म्हणालो.

ढोल थांबला. आई पुढे आली. "गोरखा, सात व्हत्या की रं. गूळ कुटं हाय?"

"आई, तू सांगितलंस तसं मी कुणालाच हात लावू दिला नाही. मीसुद्धा लावला नाही. विळीवर कापला."

"आन् काय केलास?"

"शेकमध्ये घातला."

आई तिथंच पायरीवर बसली. पदर तोंडाला लावला आणि रडायला लागली. सगळ्या गावासमोर माझी आई रडत होती, आणि मी नटूनथटून पारड्यात बसलो होतो. माझ्या पोटात तुटलं. आणि पोटात तुटलं तेव्हाच पोटावरून आठवलं.

"आई, रडू नको!" मी ओरडलो. "गूळ कुठं गेलेला नाही! माझ्यातच आहे! थोडा म्हशीत आहे, पण ती पारड्यात मावायची नाही!"

असं म्हणून मी माझ्या पारड्यातून उडी मारली आणि समोरच्या पारड्यात, चार ढेपांच्या वर जाऊन बसलो. माझं रिकामं पारडं वर गेलं आणि मांडवाला लागलं.

गुरवांनी कपाळावर हात मारला. "अरं येड्या! गुळाच्या पारड्यात जे बसलं ते देवाचं झालं! बापजाद्यापासनं हाय ह्ये. आता तुला सोडवून न्यायाचा तर परत भारंभार गूळ द्यावा लागंल!"

"मंजी?" आईनं विचारलं.

"मंजी दोन तुला, म्हातारे. एक जुन्या नवसाची. एक ह्येला सोडवायची."

"सोडवायलाच पायजे का?" अलकानं विचारलं.

सगळा मांडव हसला. आईनं पदर खाली घेतला तर तीही हसत होती, डोळ्यांतलं पाणी न पुसताच. म्हणाली, "भैरोबा, तुझं देणं फेडायला मला आजून एक साल जगवावं लागतंय बग. ह्यो पोरगा तूच दिलायस, आता तूच निस्तर." 

ती हसली म्हणून मला इतका आनंद झाला की मी तिथंच, गुळावर बसल्या बसल्या, सगळा हिशोब सोडवून टाकला.

"आई, तू अजिबात काळजी करू नको. पुढच्या साली आपल्या सात ढेपा निघतीलच. मी तोवर पस्तिसावर येतो. पस्तीस आणि पस्तीस सत्तर. दोन्ही तुला एकाच जत्रेत!"

आणि मागं वळून मी विक्रांत सरांना विचारलं, "सर, पस्तिसाला डबा एक लागेल की दोन?"